चुकांसाठी राखलेले भांडवल

पेठ वडगाव,
आषाढ शुद्ध पंचमी

चि. ताईस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या योजनेचे चार कागद आक्काने परवा पाहुण्यांच्या हाती पाठविले, ते मी एकदा वेगाने, एकदा पेन्सिल हाती घेऊन आणि एकदा तुझ्या मामीला मोठ्याने वाचून दाखवीत, असे तीन वेळा वाचले. फोनवर दोन शब्द बोलून मोकळे होणे मला सहज शक्य होते; परंतु ज्या गोष्टीत बापाने कष्टाने साठविलेले 75,000 रुपये गुंतावयाचे आहेत तिच्याविषयीचा सल्ला हवेत विरून जाता कामा नये, तो कागदावर असावा आणि मन द्विधा झाले की पुन्हा काढून वाचता यावा, असे वाटल्यामुळे हे पत्र लिहावयास बसलो आहे. पदवी हाती आल्यावर नोकरीच्या दरखास्ती पाठवीत न बसता जर्सी, मग, फरश्या आणि पदके यांवर रंगीत छपाई करण्याचा धंदा आपल्या गावात उभारण्याचा तुझा निश्चय मला मनापासून आवडला, हे आरंभीच सांगतो. कारण पुढे मी ज्या हरकती मांडणार आहे त्यांवरून मामा विरोधात आहे असा तुझा समज व्हावयास नको.

तुझ्या योजनेत यंत्रांचा तपशील दोन पाने आहे, मालाचा अर्धे पान, आणि बिघडलेल्या मालाचा एक शब्दही नाही. नेमकी हीच चूक मी केली होती. छापखाना काढला तेव्हा आजोबांची दीड बिघा जमीन तारण ठेवून मी एक मोठे ट्रेडल यंत्र घेतले, गरजेपेक्षा मोठे. पहिल्या दिवशी ते फिरले तेव्हा त्या आवाजाने माझा ऊर भरून आला होता. पहिले मोठे काम एका संस्थेच्या वार्षिक अहवालाचे मिळाले. ताळेबंदाच्या पानात अक्षराचा एक खिळा चुकीचा बसला, प्रूफ वाचताना तो माझ्या नजरेतून निसटला, आणि संपूर्ण फर्मा छापून झाल्यावर संस्थेच्या चिटणीसांनी तो दाखविला. पुन्हा छापणे भाग होते. पण सगळा पैसा त्या लोखंडात अडकल्यामुळे कागद विकत घ्यावयास गाठीशी एका रिमाचेही पैसे नव्हते. खासगी सावकाराकडून दरमहा शेकडा तीन रुपये व्याजाने रक्कम उचलली आणि ती फेडण्यात दोन वर्षे गेली. यंत्र उत्तम होते, मीही आळशी नव्हतो. चूक परवडण्याइतका पैसा मी शिल्लक ठेवला नव्हता, एवढेच घडले होते.

हे माझ्यासारख्या सामान्य माणसाच्याच वाट्यास येते असे नाही. राजा रविवर्मा यांच्याएवढा कीर्तिवंत चित्रकार, ज्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या प्रतिमा आपल्या आजोळच्या भिंतीवरही होत्या, त्यांनी 1894 मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, जर्मनीहून यंत्रे आणि तंत्रज्ञ आणले, प्लेगच्या धामधुमीनंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीस हलविला. मागणी अफाट होती, चित्रे घरोघरी पोहोचत होती, आणि तरीही कर्जाच्या ओझ्याखाली तो कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभीच फ्रिट्झ श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकण्याची पाळी रविवर्म्यांवर आली. चित्र सुंदर, ग्राहक उदंड, यंत्र विलायती, एवढ्या तिन्ही गोष्टी अनुकूल असूनही छापखाना बुडू शकतो, हे मुद्रणाच्या व्यवसायात शिरणाऱ्या प्रत्येकाने मनाशी बाळगावे.

आता तुझ्या योजनेतील सर्वांत मोठ्या दोषाकडे येतो. तू लिहितेस की इचलकरंजी हाकेच्या अंतरावर असल्याने तिथून सुती कापड स्वस्तात आणून त्यावर छपाई करता येईल. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसविल्यापासून त्या नगरीने वस्त्रोद्योगात जे नाव मिळविले त्याचा मलाही अभिमान आहे. परंतु ताई, तू निवडलेल्या संप्लवन पद्धतीच्या छपाईला शुद्ध सूत चालत नाही. शाळेत तू संप्लवन शिकली असशील. आरतीच्या तबकातला कापूर उघडा ठेवला तर द्रव न होता थेट हवेत विरून जातो, तसेच इथे घडते. कागदावर छापलेला रंग सुमारे 200 अंश सेल्सिअसच्या तापमानात घनाचा एकदम वायू होतो. त्याच उष्णतेने पॉलिएस्टरच्या तंतूतील रेणूंची घट्ट वीण सैल होते, रंगाची वाफ त्या विणीत शिरते, आणि थंड झाल्यावर दार मिटावे तशी ती आत कोंडली जाते. म्हणून हा रंग बोटाला लागत नाही, धुण्यात सुटत नाही, कापडाच्या पृष्ठावर थरही उरत नाही. कापसाच्या तंतूला ते दारच नाही. त्यावर छापलेले पहिल्या दिवशी फिकट दिसेल आणि दोन-चार धुण्यांत निघून जाईल, आणि गिऱ्हाईक कापडाला नव्हे, तुला दोष देईल.

या रंगांचा इतिहासही असाच परभारे घडलेला आहे. ते 1920 च्या दशकात ॲसिटेटच्या कृत्रिम रेशमासाठी शोधले गेले; पॉलिएस्टरचा धागा 1941 मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी सिद्ध केला, ज्याला आमच्या तारुण्यात सगळे टेरिलीन म्हणत; आणि कागदावरून कापडावर वाफेने रंग उतरविण्याची युक्ती त्यानंतर पन्नाशीच्या दशकात फ्रान्समध्ये पुढे आली. म्हणजे धागा आणि रंग यांचा हा ऋणानुबंध मुळातला आहे. मिश्र कापडात पॉलिएस्टरचा अंश जितका, रंग तितकाच धरेल. चिनी मातीचा मग घेशील तोही साधा चालणार नाही. त्यावर पॉलिमरचा लेप दिलेला असावा लागतो. आणखी एक मर्यादा म्हणजे या शाईत पांढरा रंग नसतो. चित्रातला पांढरा भाग हा वस्तूचाच पांढरेपणा असतो, म्हणून वस्तू पांढरी किंवा फिक्या रंगाची हवी. काळ्या जर्सीवर पिवळे नाव छापून मागणाऱ्याला पहिल्याच भेटीत नम्रपणे नकार दे. इचलकरंजीला जरूर जा, पण सुतासाठी नव्हे. खेळाच्या पोशाखाचे पॉलिएस्टर कापड आणि शिवलेल्या पांढऱ्या जर्सी कोण कोणत्या भावाने देतो याची चौकशी करावयास जा, आणि वाराचा तुकडा घरी आणून छापून पाहिल्याखेरीज थान उचलू नकोस.

यंत्रांविषयी. कोल्हापुरात माझ्या एका परिचिताचे हेच दुकान आहे. तुझे कागद आल्यावर मी तिथे दोन दुपारी बसून आलो, म्हणून पुढचे लिहिण्याचा अधिकार मला थोडासा आहे असे समजतो. छपाईयंत्र नवे घे, ज्यात साधी शाई कधीही भरलेली नाही असे. शाईचे थेंब उडविण्याच्या दोन तऱ्हा असतात. एका तऱ्हेत शाई क्षणभर उकळवून उडवितात आणि दुसऱ्या तऱ्हेत विजेने कंप पावणाऱ्या स्फटिकाने तिला ढकलतात. आपली शाई उष्णतेनेच बदलणारी असल्याने दुसऱ्या तऱ्हेचे यंत्रच योग्य. एप्सनच्या शाईटाकीच्या छोट्या यंत्रांत ती पद्धत असते, म्हणून लहान दुकानांतून तीच दिसतात. मात्र घरगुती यंत्रात ही शाई भरली की कंपनीची हमी संपते, हे ध्यानात घेऊन त्याची किंमत बुडीत धरूनच हिशेब कर. ए-4 आकार आरंभाला पुरे आहे. मगाची पट्टी, फरशी, जर्सीवरचे नाव आणि पाठीवरचा अंकही त्यात बसतो. संपूर्ण जर्सी रंगवावयाची तर कापड शिवण्याआधी अंगाएवढ्या पट्ट्यांवर मोठ्या रुळाच्या यंत्रात छापावे लागते. ते काम आपल्या ऐपतीचे नाही, ते बाहेरून करून घे आणि तसे गिऱ्हाईकाला स्पष्ट सांग.

उष्णता आणि दाब देऊन प्रतिमा उतरविणारा हीट प्रेस पंधरा इंची चौकोनी असावा आणि मगाचा वेगळा. जे एकच यंत्र टोपी, बशी, मग, कापड अशी पाच कामे करते म्हणून तुला भुरळ पडली आहे, त्यातले भाग पुनःपुन्हा बदलताना दाब कमीजास्त होतो, आणि दाब हलला की छपाई डागाळते. तापपट्टीच्या चारी कोपऱ्यांत आणि मध्यभागी सारखे तापमान आहे की नाही हे पैसे मोजण्यापूर्वी दुकानदारासमोरच पाहा. कापडाचा एक पांढरा चौकोन पूर्ण एकाच रंगात छापून घेतलास तर कुठे फिके पडते ते आपोआप उघड होईल. विजेचा बंदोबस्त आधी हवा. असा प्रेस सुमारे 1,800 वॅट ओढतो, म्हणजे 230 व्होल्टवर आठ अँपियरच्या घरात. भिंतीतल्या सहा अँपियरच्या खोबणीत तो लावशील तर खोबण जळेल. सोळा अँपियरची स्वतंत्र तार, नीट अर्थिंग आणि धूर जाण्यास समोरासमोर दोन खिडक्या, एवढे झाल्याशिवाय यंत्र घरात आणू नकोस.

प्रत्यक्ष कामाविषयी मी फार लिहीत नाही, ते हातानेच शिकावे लागते. कापडाला सुमारे 200 अंशांवर पाऊण ते एक मिनिट, मगाला 180 ते 190 अंशांवर तीन मिनिटांच्या आसपास, हा आरंभबिंदू. पुढे प्रत्येक मालाची मुदत तुझी तू ठरवून वहीत नमूद कर, कारण मालाचा पुरवठादार बदलला की मुदतही बदलते. प्रतिमा उलटी छापण्यास विसरू नकोस. आम्हा खिळे जुळविणाऱ्यांची तर सारी हयात उलटी अक्षरे वाचण्यात गेली. तुला मात्र ती सवय नाही, म्हणून संगणकातून कागद सोडण्यापूर्वी प्रत्येक नाव आरशात पाहावे तसे पाहा. कागद चिकटपट्टीने असा घट्ट बांध की प्रेस उघडताना तो केसभरही सरकणार नाही, नाहीतर रंगाची दुसरी छाया उमटते. आणि या मुलखातला पाऊस विसरू नकोस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या हवेत इतकी ओल असते की कागद आणि कापड दोन्ही पाणी पितात, आणि प्रेसखाली त्याची वाफ होऊन डाग उठतात. म्हणून कागद झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि छापण्यापूर्वी कापड पाच-दहा सेकंद नुसतेच दाबून कोरडे करावे. काम नसले तरी दर दोन दिवसांनी चारही रंगांची एक पट्टी छापीत जा. यंत्राची छिद्रे वाळून बुजणे हेच या धंद्यातले सर्वांत सामान्य दुखणे आहे, आणि ते आळसातून उद्भवते.

रंगाच्या बाबतीत स्वतःच्या डोळ्यावरही विसंबू नये. कागदावर उतरलेला रंग मलूल दिसतो, उष्णता लागल्यावर तो उजळतो. पडद्यावर तिसराच असतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले आणि आपल्या दृष्टीला काही रंगांचे भेद कळत नाहीत असे उमगताच त्यांनी रंग सोडून यंत्रांच्या रेखाटनाची वाट धरली; बेळगावातले सायकलींचे दुकान, लोखंडी नांगर, 1910 साली उभी राहिलेली किर्लोस्करवाडी हे सारे त्यापुढचे. आपल्या इंद्रियांची मर्यादा इतक्या लहान वयात ओळखून तिच्याशी भांडण न करणारा हा पुरुष मला फार थोर वाटतो. तू रंगांचे शंभर चौकोन असलेला एक तक्ता कापडावर आणि एक फरशीवर छापून भिंतीला लाव. गिऱ्हाईकाला पडदा न दाखविता तो तक्ता दाखव आणि त्यावर बोट ठेवूनच रंग पक्का करून घे. तंटे निम्मे होतील.

आता तुझ्या नफ्याचा हिशेब. कोरा मग 80 ला घ्यावयाचा, 150 ला विकावयाचा, म्हणून मगामागे 70 रुपये सुटतात, असे तू लिहिले आहेस. चल, मी तुझेच आकडे घेऊन मांडतो. मग 80, कागद आणि शाई 5, खोका 12, वीज 2. हे 99 झाले. दहांतला एक बिघडेल असे धर, आणि पहिले सहा महिने तो बिघडेलच. त्या बुडालेल्या मगाचे 87 रुपये उरलेल्या नऊंवर पडले म्हणजे प्रत्येकी जवळजवळ 10. यंत्रे 35,000 ची आणि त्यांचे आयुष्य तीन वर्षे धरले तर झीज महिन्याला सुमारे 1,000. महिन्यात 100 मग गेले तर मगामागे आणखी 10. असा एकूण 119 रुपये खर्च पडला, आणि 70 च्या जागी 31 उरले. मागणी 40 मगांवर आली तर तीच झीज 25 होऊन हाती 16 रुपयेच राहतील, म्हणजे महिन्याचे 640. तुला निरुत्साही करण्यासाठी हे लिहीत नाही; भाव ठरविताना शेजारच्या दुकानाकडे न पाहता आपल्या वहीकडे पाहावे म्हणून लिहितो आहे. आणि यातूनच हेही दिसते की सुट्या मगावर पोट भरणार नाही, एका वेळी पंचवीस-पन्नासांचे काम हवे.

तशी कामे आपल्या भागात आहेत. कोल्हापूरच्या फुटबॉलचे वेड तू जाणतेसच; पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम ओसंडते, आणि त्यांचे पाहून खेड्यापाड्यांतली पोरेही नाव-अंकाची जर्सी मागतात. कबड्डीचे संघ, गणेशोत्सवाची मंडळे, शाळांच्या स्नेहसंमेलनाची पदके, ओळखपत्राच्या फिती, दूध संस्था आणि पतसंस्थांच्या वार्षिक सभेतील भेटवस्तू, यांतले बहुतेक सारे काम पॉलिएस्टरवरचे किंवा लेपाच्या वस्तूंवरचे आहे. पण इथेच उधारीचा धोका बसलेला आहे. मंडळाची पोरे उत्साही असतात, सणाच्या आदल्या रात्री येतात, आणि विसर्जनानंतर वर्गणीचा हिशेब लागेपर्यंत कोणी फिरकत नाही. निम्मा इसार हाती आल्याखेरीज कोरा मालही आणू नकोस. नावांची यादी लिहून, त्यावर मागणाऱ्याची सही घेऊन मगच छाप. उरलेली रक्कम माल देतानाच घे. भाऊबंदांनाही हाच नियम, मलाही हाच. माझ्या खतावणीत अजून एकोणीस नावांपुढे बाकी आहे आणि त्यांतली सात माणसे आता हयात नाहीत.

म्हणून 75,000 ची तजवीज मी अशी करीन. तिन्ही यंत्रे मिळून 35,000 च्या आत. शाई, कागद आणि कोरा माल 12,000. तार, अर्थिंग, टेबल, हातमोजे 8,000. उरलेले 20,000 बँकेत वेगळ्या खात्यावर ठेवायचे आणि त्यांचे नाव वहीत स्पष्टपणे ‘बिघाड’ असे लिहायचे. त्यातले पहिले तीन-चार हजार तर धंदा उघडण्यापूर्वीच, एकही गिऱ्हाईक न घेता, नुसत्या सरावात खर्च कर. दुकानांतून लेखी दरपत्रके घे. यंत्रांचा आकडा 35,000 च्या वर जात असेल तर मगाचा प्रेस दोन महिने लांबव, पण या 20,000 ला हात लावू नकोस.

सरकारी कागदपत्रांची फार भीती बाळगू नकोस. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर, शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठव. दुकानात मोजकीच माणसे असली तर 2017 च्या राज्य कायद्यान्वये नुसती सूचना द्यावी लागते. वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल 40 लाखांपर्यंत जीएसटीची सक्ती नाही. दुसऱ्याच्या मालावर केवळ मजुरीने छापशील तर ती सेवा ठरते आणि मर्यादा 20 लाखांची होते. मुद्रा योजनेत 50,000 पर्यंतचे शिशु कर्ज तारणाशिवाय मिळते, पण पहिले सहा महिने ते उचलू नये असे माझे ठाम मत आहे.

एका बाबतीत मात्र तुझ्याकडून वचन हवे. लोक राष्ट्रध्वज छापलेले रुमाल आणि उशा मागतील. 1971 च्या राष्ट्रीय सन्मानविषयक कायद्याने ते निषिद्ध आहे, कितीही मोठी मागणी असो, नाही म्हण. सिनेनटांची छायाचित्रे, परदेशी संघांची बोधचिन्हे, दुसऱ्याने काढलेली चित्रे ही ज्याची त्याची मालमत्ता आहे. कोणी खटला भरो वा न भरो, परक्याची वस्तू विकून तू पोट भरू नयेस. आणि शिवछत्रपतींची किंवा जोतिबाची प्रतिमा चहाच्या मगावर मागितली, जो मग उद्या खरकट्या भांड्यांत पडणार, तर त्या माणसाला फरशी किंवा भिंतीवर लावण्याची पाटी सुचव. ज्या गावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे त्या गावातल्या छपाईवाल्याने एवढा विवेक पाळावा, असे मला वाटते. बहुतेक माणसे ऐकतात, असा माझा अनुभव आहे. सांगणाऱ्याचा सूर मऊ हवा.

छापखान्याची पुढची खोली, जिथे खिळ्यांच्या केसेस होत्या, ती मी या आठवड्यात रिकामी करून घेतो. तिला दोन खिडक्या आहेत, रस्त्याकडे दार आहे आणि छत गळत नाही. भाडे घेईन, कारण ते वहीत नसले तर तुझा हिशेब खोटा ठरेल. पहिले तीन महिने सोडून. वायरमनला रविवारी बोलाविले आहे, त्याच दिवशी सकाळच्या गाडीने ये, म्हणजे सोळा अँपियरची खोबण कोणत्या भिंतीत हवी ते तुझ्या देखत ठरेल. येताना जर्सीचे दोन-तीन जुने तुकडे आण. त्यांत पॉलिएस्टर किती आणि सूत किती ते एकेक धागा जाळून कसे ओळखायचे ते मी तुला दाखवीन. सूत कागदासारखे जळून मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून काळा कडक मणी होतो.

आक्काला आणि तुझ्या बाबांना नमस्कार सांग. मामी म्हणते, जेवूनच जायचे.

तुझा,
मामा